भाडं चालतं, सोयरीक चालत नाही

पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर आता एकही मिश्र जोडपं नसलेलं गाव सापडणं कठीण आहे. मांद्र्यात स्कूटर भाड्याने देणारा मुलगा आणि त्याची रशियन मैत्रीण. हरमलला योग शिकवणारी जर्मन बाई आणि तिच्याबरोबर कॅफे चालवणारा नेपाळी तरुण. कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर बसणारी सावंतवाडीकडची मुलगी आणि दर हिवाळ्यात तिला भेटायला येणारा इंग्रज. या जोड्यांबद्दल नाक्यावर, देवळाच्या पायरीवर, मासळी बाजारात भरपूर बोललं जातं. चारचौघांत, एक सार्वजनिक प्रश्न म्हणून मात्र कुणी बोलत नाही. मला ते बोलायचं आहे. आपण गोंयकार स्वतःला मोठ्या मनाचे म्हणवतो आणि जगानेही आपल्याला तसं प्रमाणपत्र दिलेलं आहे. माझा अनुभव असा, की हा मोकळेपणा भाड्याच्या पावतीपर्यंत टिकतो. सोयरिकीची गोष्ट निघाली की आपण आधी कातडीचा रंग बघतो, मग पासपोर्ट, मग आपला मुलगा आहे की मुलगी ते. आणि असं बघण्याची सवय आपल्याला परदेशी माणसांनी लावलेली नाही, ती जातीने लावलेली आहे.

भाड्याचं जग मी जवळून पाहते. पेडणे तालुक्यात माझी वकिली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांतली निम्मी कामं जमीन, खोल्या आणि भाडेकरार यांचीच असतात. पावसाळा सरला की घरामागच्या दोन खोल्यांना रंग लागतो, शेगडी बदलली जाते, इन्व्हर्टर येतो. पूर्वी चार्टर विमानं फक्त दाबोळीला उतरायची, जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झाला आणि पेडणे तर विमानतळाच्या दारातच आलं. मोरजीत रशियन भाषेतल्या पाट्या कधीपासून लागलेल्या आहेत. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते, हे आता शेणामातीच्या घरात वाढलेल्या आजीलाही पाठ आहे. हीच आजी त्या पाहुण्यांना सोलकढी करून दाखवते, जत्रेला बरोबर नेते, त्यांच्या पोराला अंगणात चालायला शिकवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कितीतरी परदेशी इथे अडकले, तेव्हा काही घरांनी महिनोन्‌महिने भाडं मागितलं नाही. हे खरं प्रेम आहे. त्याला मी खोटं म्हणणार नाही.

पण त्याच घरातला मुलगा एक दिवस सांगतो, की मागच्या खोलीतली ही बाई मला आवडते आणि आम्हाला लग्न करायचं आहे. त्या दिवसापासून तिचं नाव घेणं बंद होतं. ती ‘ती’ होते, ‘फॉरेनर’ होते. चार वर्षं जिने त्या चुलीजवळ बसून भाकरी खाल्ली, तिच्याबद्दल घरातली मोठी माणसं माझ्यासमोर असं बोलतात जणू ती काल विमानातून उतरली.

आणि हे मुलाच्या बाबतीत. मुलाला निदान सवलत असते. त्याची गोरी मैत्रीण असेल तर मित्र पाठ थोपटतात, काका ‘वय आहे, करू दे’ म्हणतात, आई पुटपुटते पण ताट वाढते. मुलीच्या बाबतीत घराचं दारच बंद होतं. एखाद्या मुलीला शॅकवर काम करताना परदेशी माणूस आवडला, ती त्याच्याबरोबर म्हापशाच्या बाजारात दिसली, तर संध्याकाळपर्यंत गावाने तिचं चारित्र्य ठरवून टाकलेलं असतं. तिची नोकरी सुटते, तिच्या धाकट्या बहिणीचं जुळलेलं लग्न लांबतं. ज्या भावाची स्वतःची रशियन मैत्रीण आहे तोच भाऊ बहिणीचा मोबाइल काढून घेतो. असा भाऊ माझ्या टेबलासमोर बसलेला आहे आणि त्याला यात काही विसंगती वाटत नव्हती. तो अगदी मनापासून, घराच्या अब्रूच्या काळजीने बोलत होता. विचार करून दांभिकपणा करणाऱ्याशी वाद घालता येतो. याला प्रश्न पडलाच नव्हता, आणि म्हणून मला हा प्रकार जास्त गंभीर वाटतो.

या सवलतीची दुसरी बाजू परदेशी बायका भोगतात. किनाऱ्यावर पोहायला आलेल्या बाईचे न विचारता फोटो काढणारे, तिच्या शेजारी उभं राहून सेल्फी मागणारे, नकार दिला तर शिवी देणारे पुरुष फक्त बाहेरून बसने येतात असं आपण म्हणतो. पण गावातले पुरुषही ‘गोरी म्हणजे सहज मिळणारी’ हे गृहीत धरूनच वाढलेले असतात. २००८ साली हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांची एक ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली, तेव्हा गुन्ह्याइतकीच चर्चा तिच्या आईच्या राहणीमानाची झाली होती. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडलं, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या अकरा वर्षांत मुलीच्या कपड्यांवर आणि आईच्या वागण्यावर बोलणारी कितीतरी सुशिक्षित माणसं मी ऐकली. ज्या समाजाला परदेशी बाई एक माणूस म्हणून दिसत नाही, त्याला ती सून म्हणून कशी दिसणार?

आता रंगाकडे येते. गोरी सून म्हणजे धक्का असतो, पण तो पचतो. लग्न झालं, मूल झालं, मूल गोरं आणि घाऱ्या डोळ्यांचं निघालं की तीच आजी त्याला कडेवर घेऊन सगळ्या वाड्यात फिरते. काळ्या माणसाच्या वाट्याला असं काही येत नाही. गोव्यात आफ्रिकेतल्या कुठल्याही देशातून आलेला माणूस ‘नायजेरियन’ असतो आणि नायजेरियन म्हणजे अमली पदार्थ, हे समीकरण पक्कं आहे. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस पर्राला एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला आणि त्यानंतर काय काय बोललं गेलं ते अनेकांना आठवत असेल. एका मंत्र्याने त्या लोकांची तुलना कॅन्सरशी केली. त्यांना खोल्या देऊ नका, असा सूर गावागावांत लागला. खून झालेला माणूस त्यांचा होता, हे दोन दिवसांत सगळे विसरले. अमली पदार्थांचा धंदा किनाऱ्यावर आहेच, त्यात अनेक देशांचे आणि आपलेही लोक आहेत. पण एका रशियनाला पकडलं म्हणून सगळ्या रशियनांच्या खोल्या रिकाम्या केलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

अशा वातावरणात एखाद्या गोमंतकीय मुलीने आफ्रिकी तरुणाशी लग्न करायचं ठरवलं, तर तिच्या घरचे तिचं ऐकून घेतील अशी कल्पनाही करवत नाही. इथे तर भाडंसुद्धा चालत नाही, सोयरिकीची गोष्ट फार पुढची. आणि हे त्या गोव्यात, ज्याचं आफ्रिकेशी नातं चारशे वर्षांहून जुनं आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम आणून इथे विकले. त्यांतले जे पळाले ते घाट ओलांडून रानात गेले, आणि आज यल्लापूर-हल्याळ भागात राहणारे सिद्दी बरेचसे त्यांचेच वंशज मानले जातात. पुढे पोटासाठी गोंयकार स्वतः मोझांबिक, केनिया, युगांडा, टांझानियाला गेले. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात राहिलेला आणि १९६५ साली नैरोबीत गोळी घालून मारला गेलेला पियो गामा पिंटो हा मूळ गोव्याचा. त्या देशांनी आपल्या माणसांना घरं दिली, नोकऱ्या दिल्या. आपण त्यांच्या मुलांना एक खोली देताना कचरतो.

ईशान्येकडून आलेल्या मुलामुलींचं दुःख आणखी वेगळं. मणिपूर, नागालँड, दार्जिलिंग इथून आलेली ही पोरं शॅक, स्पा, कॅसिनो, हॉटेलं चालवतात म्हटलं तरी चालेल. ती आपल्याच देशाची. पण डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांना जी हाक मारली जाते ती मी इथे लिहिणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून चिडवून मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा वांशिक शिव्या हा गुन्हा ठरवावा, असं सांगितलं. गोव्यात तेवढी हिंसा दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त आहोत. स्पामध्ये काम करणारी मुलगी मांद्र्याच्या मुलाबरोबर चार वर्षं राहते, आणि मुलाची आई मला विचारते, ‘वकीलबाय, तिचं काम तसलंच ना?’ तिला त्या मुलीचं गाव माहीत नाही, शिक्षण माहीत नाही, आडनाव माहीत नाही. चेहरा बघून तिने काम ठरवलं आणि काम ठरवून चारित्र्य.

इथेच मला जात दिसते. कित्येक घरांमध्ये मी पाहिलं आहे, की रशियन सून दोन-तीन वर्षांत स्वीकारली जाते, पण त्याच वाड्यातल्या पलीकडच्या जातीची, तीच भाषा बोलणारी, त्याच सातेरी देवीला नारळ ठेवणारी मुलगी दहा वर्षांनीही घरात घेतली जात नाही. परदेशी बाईला आपल्या उतरंडीत जागाच नसते. तिच्यामुळे आपण कुणाच्या वर किंवा खाली गेलो असं होत नाही, म्हणून ती परवडते. शेजारची मुलगी ती उतरंड हलवते. मिश्र लग्नांचं कौतुक करणाऱ्या लेखांमध्ये ही गोष्ट कधी येत नाही. गोऱ्या सुनेचा स्वीकार म्हणजे जात गेली, असं समजू नये. कधी कधी जात टिकवण्याचा तो सोपा रस्ता असतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या कित्येकांना वाटतं, की गोव्याचे लोक पोर्तुगीज रक्ताचेच, त्यांना कसलं आलंय सोवळं. हा मोठा गैरसमज आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकेर्कने आपल्या शिपायांना इथल्या, धर्मांतर केलेल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं हे खरं. पण त्यातून झालेला मिश्र समाज शेवटपर्यंत लहानच राहिला आणि १९६१ च्या मुक्तीच्या आगेमागे त्यातले बरेच निघून गेले. धर्म बदलला त्यांनीही लग्नाच्या वेळी बामण, चारडी, सुदीर या जाती बघणं सोडलं नाही. साडेचारशे वर्षं परकी सत्ता आली आणि गेली, सोयरिकीचे नियम हलले नाहीत.

नात्याला नाव न देता नातं भोगण्याची रीत मात्र आपल्याला चांगलीच ठाऊक होती. देवळांच्या सेवेला बांधलेल्या बायका आणि त्यांचे धनवान यजमान हा आपलाच इतिहास आहे. घर चालायचं, मुलं व्हायची, गाव सगळं जाणायचं, पण मुलांना बापाचं नाव नाही आणि बाईला लग्नाचा हक्क नाही. त्या समाजाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका दिल्या आणि शिक्षणाच्या, संघटनेच्या बळावर स्वतःची मान वर केली. आज एखादा मुलगा परदेशी बाईबरोबर पाच-सहा सीझन राहतो, तिच्या पैशांनी कॅफे उभा करतो आणि घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी डिसेंबरात मांडवाखाली उभा राहतो, तेव्हा मला तो जुना यजमान आठवतो. गाव तेव्हाही त्याच्याच बाजूने होतं, आताही असतं.

विरोध करणाऱ्या घरांची एक भीती मात्र मी खोडून काढणार नाही, कारण ती खरी आहे. ती जमिनीची आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची चौकट अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते, वडिलोपार्जित हिस्सासुद्धा. माझ्या टेबलावर विक्रीखत येतं तेव्हा चार भाऊ असतील तर आठ सह्या लागतात, कारण प्रत्येकाच्या बायकोचीही सही लागते. बहिणी असतील तर त्या आणि त्यांचे नवरे. एक सून मॉस्कोला आणि एक जावई मँचेस्टरला असेल तर त्या कागदाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मुखत्यारपत्रासाठी महिने जातात, व्यवहार मोडतात, भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. आणि ते लग्न मोडलं तर निम्म्या वाट्याचा प्रश्न उभा राहतो. एक आई मला म्हणाली होती, ‘माझं तिच्याशी भांडण नाही, पण कुळागराच्या, आमच्या माडापोफळीच्या बागेच्या, कागदावर तिची सही लागणार ना?’ हा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तरही आहे. याच कायद्यात लग्नापूर्वी करार करून मालमत्ता वेगळी ठेवण्याची सोय आहे. तो करार लग्नानंतर करता येत नाही, म्हणून आधीच बसून बोलावं लागतं. दुर्दैव असं, की घरं सहा महिने रुसव्याफुगव्यात घालवतात, मुलगा घर सोडतो, रागात नोंदणी उरकतो, आणि मग सगळे माझ्याकडे येतात तेव्हा कराराची वेळ गेलेली असते. जमिनीची काळजी असलेल्या घराने तर अशा लग्नात सर्वांत आधी सामील व्हायला हवं.

दुसरा आक्षेप पासपोर्टचा. ती व्हिसासाठी लग्न करते आहे, असं सर्रास म्हटलं जातं. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला ठरावीक दिवसांनी देश सोडावा लागतो, त्यामुळे जोडप्याचं अर्धं आयुष्य ताटातुटीत जातं हे खरं. लग्नाने तो प्रश्न लगेच सुटतो असं मात्र नाही. भारतीय जोडीदारामुळे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला इथे दीर्घकाळ राहू देणारं कार्ड, मागायचं तर लग्न नोंदवून दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. आणि कागदासाठी धडपडणं हा गुन्हा असेल, तर त्यात आपण कुणाच्या मागे नाही. १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांचे जन्मदाखले शोधत, लिस्बनला नोंदणी करून, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला कामाला गेलेली घरं सासष्टीपासून पेडण्यापर्यंत आहेत. त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. पोटासाठी केलेली ती खटपट आहे हे आपण समजून घेतो. युक्रेन युद्धानंतर घरी परत जायला घाबरणारी मुलगी इथे राहू पाहते, तेव्हा तिच्यासाठीही तेवढीच समज हवी.

या नात्यांत फसवणूक होते, हे मला कुणी सांगायला नको. पन्नाशीच्या बाईच्या पैशांवर डोळा ठेवणारे विशीतले पोर आहेत. गावातल्या मुलाला चार महिने सोबती म्हणून वापरून मार्चमध्ये ओळखही न दाखवणाऱ्या बायका आहेत. मूल झाल्यावर तिकडून एक संदेशही न पाठवणारे बाप आहेत, आणि त्यांचं मूल इथे आजीच्या पदराखाली वाढतं आहे. पण ठरवून, पत्रिका जुळवून, आठशे माणसं जेवू घालून केलेल्या लग्नांच्या घटस्फोटांची कामंही मीच करते. फसवणुकीवरचा इलाज माणूस नीट पारखण्यात आहे आणि पारखायला त्याच्याशी बोलावं लागतं. काय काम करतो, कर्ज किती, आधीचं लग्न झालं होतं का, मुलं आहेत का, दारू किती पितो, पावसाळ्यात इथे राहणार की निघून जाणार. हे प्रश्न म्हापशाच्या मुलाला विचारायचे तेच कीव्हच्या, लेगॉसच्या, इंफाळच्या मुलालाही विचारायचे. रंग बघून प्रश्न सोडून दिले की गोरा ठग आत येतो आणि सरळ माणूस दारातून परत जातो.

गोव्यात लग्नाची नोंदणी दोन सह्यांची असते. पहिली सही इराद्याची. मग नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात, आणि काही दिवसांनी दुसरी सही झाल्यावर लग्न कायद्याने पक्कं होतं. परदेशी जोडीदाराला त्याआधी अविवाहित असल्याचा दाखला, दूतावासाचे कागद, भाषांतरं अशी बरीच यातायात करावी लागते, त्यामुळे एवढं करून रजिस्ट्रारच्या दारात आलेलं जोडपं सहसा गंमत म्हणून आलेलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी सांगते, की पहिल्या सहीच्या आधी घरी सांगा आणि करार करायचा असेल तर तो आधी करा. आणि घरच्यांना सांगते, की नोटिशीच्या त्या दिवसांत नुसती हरकत शोधत बसू नका. त्या मुलीच्या किंवा मुलाच्या आई-वडिलांना व्हिडिओ कॉल लावा, भाषा येत नसेल तर तुमची पोरं मध्ये बोलतील. त्यांनाही हेच भय आहे, की आपलं लेकरू हजारो मैल दूर कुणाच्या घरात जातं आहे. मागच्या वर्षी एका घराने असा कॉल माझ्याच ऑफिसातून लावला. तिकडच्या आईने पहिला प्रश्न विचारला तो स्वयंपाकघर वेगळं असेल का हा, आणि इकडची आई तब्बल अर्धा तास उत्तर देत होती.